नमुना एक-अ

डिचोलीच्या वाहतूक कार्यालयासमोर जांभळीखाली
आग्नेल फॉर्म भरतो. त्याच्या टेबलाचा एक पाय
जुन्या फॉर्मांच्याच गठ्ठ्यावर उभा.
आमच्या घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा
त्याला पाठ आहेत, रक्तगटासकट.

बाबा दर पाच वर्षांनी इथे येतात.
पूर्वी तीन वर्षांनी यायचे,
दहा चाकांच्या टिपरचं लायसन,
फोटोतसुद्धा भुवयांवर खनिजाची तांबडी धूळ.
मग खाणी बंद झाल्या, टिपर भंगारात गेला,
आणि आला हा छोटा पिकअप.
पिवळी पाटी, काळी अक्षरं, जीए झीरो फोर टी.
भरल्या गाडीचं वजन तीन हजार किलोच्या आत,
म्हणजे परमिट नको, आग्नेल म्हणाला,
पण बाकी सगळं हवं:
विमा, फिटनेस, कर, पीयूसी,
पुढे पांढरी आणि मागे लाल चमकती पट्टी,
आणि एक प्रतिज्ञापत्र की सगुण म्हणजेच सोगुण.
आधारवर सगुण, लायसनवर सोगुण.
कुठल्याशा कारकुनाने एका अक्षरात
एका माणसाची दोन माणसं केली
आणि त्यातल्या एकाला गाडी चालवता येते
असं लिहून दिलं.

यंदा नमुना एक-अ वर डॉक्टरची सही हवी.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत
बाबांनी एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि वाचत गेले.
वरची ओळ, दुसरी, तिसरी,
सगळ्यात खालची, मुंगीएवढी.
कुठे अडखळले नाहीत.
आठवडाभर रात्री स्वयंपाकघरात
ते काहीतरी पुटपुटत बसायचे,
मला वाटलं, देवाचं असेल.

डॉक्टर कुवेलकरांनी काही न बोलता तक्ता उतरवला.
त्याच खिळ्याला दुसरा लावला.
"वाचा."
बाबांनी तेच वाचलं.
तितक्याच ठणठणीत आवाजात
ती अक्षरं, जी आता तिथे नव्हती.

पंखा कुरकुरत होता. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर चपला शोधताना बाबा म्हणाले,
"तक्तो बदल्लो गो ताणें?"
हो, मी म्हटलं.
"सांगपाक जाय आशिल्लें."

आग्नेलने माझं लायसन उलटंपालटं करून पाहिलं.
साध्या मोटारीचं, आठ वर्षांपूर्वी काढलेलं.
साडेसात हजार किलोच्या आत वेगळा शेरा लागत नाही, म्हणाला,
कोर्टानेच सांगितलंय, प्रत जवळ ठेव,
नाक्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलेलं नसतं.
म्हणजे आठ वर्षं मला ही गाडी चालवता येत होती
आणि घरात कुणी विचारलं नव्हतं,
मीसुद्धा.

काल बांद्याच्या लग्नाला दीडशे खुर्च्या नेत होते.
पत्रादेवीच्या नाक्यावर हात आडवा आला.
बाबा शेजारी, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"विमा?"
बोटं आत फिरली. चार घड्यांचा, तो विमा.
"फिटनेस?"
कोपऱ्यावर लॅमिनेशन उचकटलेलं, ते फिटनेस.
"पीयूसी?"
पातळ, गुळगुळीत, ती पीयूसी,
काचेमागच्या उन्हाने तिची अक्षरं
कधीच उडून गेलेली.
शिपायाने कोरा कागद डोळ्यांसमोर धरला,
नीट वाचल्यासारखी मान डोलावली.

"लायसन?"
बाबांचा हात सवयीने शर्टाच्या खिशावर गेला
आणि तिथेच राहिला.
मी माझं पुढे केलं.
शिपाई वाचू लागला, मोठ्याने, बोट ठेवत:
सुलक्षा. सोगुण. माजीक.
"हो सोगुण कोण?"

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते,
पलीकडे रस्ता होता, किंवा रस्त्याएवढा उजेड.
"हांव," ते म्हणाले.